जगाचा इतिहास : उजळणीचे पुस्तक घेण्याआधी अर्धा तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेचा निकाल लागला की चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीच्या पुस्तकांच्या दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : जगाच्या इतिहासाला उजळणीचे कुठले पुस्तक घेऊ? पुण्यात राहून तयारी करणाऱ्याला चार दुकाने हिंडून, पाने चाळून, आधी परीक्षा दिलेल्या कुणाला तरी विचारून ठरवता येते. इथे दुकानात दोन-तीन पुस्तके असतात. बाकीची ऑनलाइन मागवायची, तर मुखपृष्ठापलीकडे फारसे काही दिसत नाही. मग सर्वांत जाड किंवा सर्वांत स्वस्त पुस्तक घरी येते आणि मुख्य परीक्षा तोंडावर आल्यावर कळते, की आपल्याला हवे ते यात नाहीच. क्लासशिवाय, घरी किंवा गावच्या अभ्यासिकेत बसून तयारी करणाऱ्या मुलामुलींचा हा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून हे पत्र.

पुस्तकाला हात लावण्याआधी विषयाचे वजन कळायला हवे. मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर २५० गुणांचा, प्रश्न २०, वेळ तीन तास. त्यात जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून पुढचा आहे : औद्योगिक क्रांती, महायुद्धे, राष्ट्रांच्या सीमांची फेरआखणी, वसाहतवाद, निर्वसाहतीकरण आणि साम्यवाद, भांडवलशाही, समाजवाद या विचारसरणी व त्यांचे समाजावर झालेले परिणाम. २०१३ मध्ये हा भाग सामान्य अध्ययनात आला. त्या पहिल्या वर्षी या भागावर चार प्रश्न होते, पुढे बहुतेक वर्षी एक किंवा दोनच. एवढ्यासाठी आठशे पानांचे पुस्तक उजळणीला घेणे म्हणजे बाकीच्या पेपरांचा वेळ खाणे.

इतिहास हाच वैकल्पिक विषय असेल तर मात्र हिशेब पार बदलतो. त्याच्या दुसऱ्या पेपरात निम्मा भाग जगाच्या इतिहासाचा. आठ प्रश्नांपैकी पाच सोडवायचे, प्रत्येक ५० गुणांचा. पहिला आणि पाचवा सक्तीचा, उरलेल्या तिनांत प्रत्येक विभागातला किमान एक घ्यायचा. म्हणजे जगाच्या इतिहासावर कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त १५० गुण अवलंबून राहतात. तिथे ज्ञानोदयाच्या (एन्लायटनमेंटच्या) काळातला कांट आहे, रुसो आहे, इंग्लंडमधली चार्टिस्ट चळवळ आहे, युरोपचे एकीकरण आहे. उजळणीच्या पुस्तकावर हा पेपर निघत नाही. सामान्य अध्ययनवाला आणि वैकल्पिकवाला मित्र-मित्र म्हणून एकच पुस्तक वाटून घेतात, तिथेच पहिली गफलत होते.

राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. तरी जुन्या वस्तुनिष्ठ पद्धतीचे प्रश्नसंच दुकानांत आणि सेकंडहँड गठ्ठ्यांत अजून मिळतात, स्वस्तही असतात. बॅस्टिल कधी पडले, खाली चार पर्याय. अशा संचातून १४ जुलै १७८९ ही तारीख ओळखता येते, पण १७८९ साली फ्रान्सच्या तिजोरीत खडखडाट का होता आणि तिसऱ्या वर्गावरच, म्हणजे पाद्री आणि सरदार सोडून उरलेल्या सामान्य लोकांवरच, कराचा बोजा का होता, हे दीडशे शब्दांत मांडता येत नाही. ते गठ्ठे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

उजळणीचे पुस्तक हे एकदा वाचून झालेल्यासाठी असते, ही गोष्ट विकणारा सांगत नाही. आधी पाया हवा आणि तो जवळजवळ फुकट मिळतो. बालभारतीच्या बारावीच्या इतिहासात युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध आहे, तेही चांगल्या मराठीत. पुस्तकाची पीडीएफ संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. त्याच्या जोडीला एनसीईआरटीची नववी, दहावी आणि अकरावीची पुस्तके. इथे एक खड्डा आहे, तो नीट पाहून पाऊल टाकावे. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकातून औद्योगिक क्रांतीचे प्रकरण काढले गेले आणि बारावीच्या राज्यशास्त्रातून शीतयुद्धाचे. परीक्षेच्या अभ्यासक्रमात औद्योगिक क्रांती मात्र पहिल्याच क्रमांकावर आहे. नवी छापील प्रत घेणाऱ्याला ही गळती कळत नाही, कारण जे नाही ते पुस्तकात दिसणार कसे? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा रद्दीवाल्याकडे २०२२ आधीची प्रत मिळाली तर तीच घ्यावी. नाही मिळाली, तर उजळणीचे पुस्तक निवडताना ही दोन प्रकरणे सर्वांत कसून तपासावीत.

आता दुकानातला अर्धा तास. सोबत मागच्या प्रश्नपत्रिका न्याव्यात, त्या आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. २०१४ चा एक प्रश्न नमुन्याला पुरेसा आहे : १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाकडे नेणाऱ्या घटना कोणत्या, आणि जागतिक सत्ता म्हणून ब्रिटनच्या स्वतःविषयीच्या प्रतिमेवर त्याने शेवटचा घाव कसा घातला? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे का पाहा आणि तिच्यात ‘सुएझ’ शोधा. सूचीच नसेल तर उजळणीच्या वेळी रोज दहा मिनिटे पाने उलटण्यात जातील.

कच्च्या पुस्तकात सुएझवर तीन ओळी असतात. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, ब्रिटन-फ्रान्स-इस्रायलने हल्ला केला, संयुक्त राष्ट्रांनी युद्ध थांबवले. यातली एकही ओळ खोटी नाही. पण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर यातून निघत नाही. चांगल्या पुस्तकात एका पानात साखळी दिसते. जून १९५६ मध्ये ब्रिटिश सैन्य कालव्याचा तळ सोडून गेले. १९ जुलैला अमेरिकेने आस्वान धरणासाठी देऊ केलेला पैसा मागे घेतला. २६ जुलैला नासरने राष्ट्रीयीकरण जाहीर केले. ऑक्टोबरात पॅरिसजवळ सेव्हर इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलचा गुप्त करार झाला. २९ ऑक्टोबरला इस्रायलने चढाई केली आणि लढणाऱ्यांना वेगळे करण्याच्या नावाखाली ब्रिटन-फ्रान्स मध्ये पडले. पौंडावर ताण आला तेव्हा अमेरिकेने आधार द्यायला नकार दिला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनला थांबावे लागले आणि जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला.

यात पौंडाची ओळ आहे का, एवढेच पाहिले तरी चालेल. रणांगणावर न हरता ब्रिटनला माघार का घ्यावी लागली, याचे उत्तर त्या एका ओळीत आहे. लेखकाने ती घेतली असेल तर त्याने प्रश्न समजून लिहिले आहे. गाळली असेल तर त्याने दुसऱ्या कुठल्या गाईडावरून उतरवून काढले असण्याची शक्यता दाट.

दुसरी तपासणी निर्वसाहतीकरणाच्या प्रकरणाची. बऱ्याच पुस्तकांत ते भारतापासून सुरू होते आणि आफ्रिकेच्या एका यादीवर संपते : घाना १९५७, नायजेरिया १९६०, वगैरे. पण २०१६ मध्ये प्रश्न आला तो पश्चिम आफ्रिकेतल्या पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या नव्या नेतृत्वावर, आणि २०१७ मध्ये मलाया द्वीपकल्पातल्या अडचणींवर. म्हणून ‘मलाया’ शोधा. कथील आणि रबर यांच्यासाठी आलेले चिनी व भारतीय मजूर, मलायी लोकांची त्यांच्याविषयीची धास्ती, १९४८ ते १९६० ची आणीबाणी, १९५७ चे स्वातंत्र्य, १९६३ चा मलेशिया, १९६५ मध्ये वेगळे झालेले सिंगापूर, एवढे अर्ध्या पानात मावते. तेही नसेल तर ते प्रकरण उजळणीच्या कामाचे नाही.

तिसरी तपासणी भाषेची. हिच्यावर आमचा सर्वांत जास्त भर आहे. मराठीतली कित्येक गाईडे हिंदीवरून घाईने उतरवलेली असतात आणि ते एका पानात ओळखता येते. ‘व्हर्सायची संधी’ असे छापलेले दिसले की पुस्तक मिटावे. हिंदीत संधी म्हणजे तह, मराठीत संधी म्हणजे मोका. मुलगी ते तसेच पाठ करते आणि उत्तरपत्रिकेत ‘जर्मनीला अपमानास्पद संधी मिळाली’ असे लिहून येते. ‘उपनिवेश’, ‘गृहयुद्ध’, ‘राजतंत्र’ हेही त्याच गठ्ठ्यातले शब्द. मराठीत वसाहत, यादवी युद्ध, राजेशाही हे शब्द असताना ते आले, तर भाषांतर करणाऱ्याने मजकूर समजून घेतलेला नाही असे धरून चालावे. आणखी एक जागा म्हणजे ‘राष्ट्रसंघ’. पहिल्या महायुद्धानंतरचा तो राष्ट्रसंघ, दुसऱ्यानंतरची ती संयुक्त राष्ट्रे. काही पुस्तकांत दोन्हींना सरसकट राष्ट्रसंघ म्हटलेले असते. मग सुएझच्या प्रकरणात राष्ट्रसंघाचे सैन्य येते, जो राष्ट्रसंघ १९४६ मध्येच बरखास्त झाला होता.

मराठी माध्यम घेणाऱ्यांना यात आणखी एक अडचण आहे. केंद्रीय आयोगाच्या मुख्य परीक्षेचे उत्तर मराठीत लिहिता येते, पण प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच येते. संकल्पना मराठीत पक्की असूनही प्रश्नातला शब्द ओळखू आला नाही, असे घडते. म्हणून वहीची शेवटची आठ पाने राखून ठेवावीत आणि तीन रकाने आखावेत : डीकॉलनायझेशन, विउपनिवेशीकरण, निर्वसाहतीकरण. बॅलन्स ऑफ पॉवर, शक्ति संतुलन, सत्तासमतोल. इंडेंचर्ड लेबर, गिरमिटिया मजदूर, करारबद्ध मजूर. यांतल्या सत्तासमतोलावर २०२४ मध्ये आणि करारबद्ध मजुरांवर २०१८ मध्ये प्रश्न होता. उजळणीच्या पुस्तकात अशी शब्दांची जोडयादी असेल तर त्या पुस्तकाला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

तारखांसाठी एक चिठ्ठी खिशात असू द्यावी. रशियातली बोल्शेविक क्रांती जुन्या पंचांगाप्रमाणे २५ ऑक्टोबरची, नव्याप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ची. पुस्तकात एका ठिकाणी ऑक्टोबर, दुसऱ्या ठिकाणी नोव्हेंबर असेल आणि खुलासा नसेल, तर वाचणारा गोंधळणारच. व्हर्सायच्या तहावर सह्या २८ जून १९१९ रोजी, अंमल १० जानेवारी १९२० पासून. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६, युद्ध संपवणारा पॅरिसचा तह १७८३, राज्यघटनेचा मसुदा १७८७, तिचा अंमल १७८९. हे चारही टप्पे ‘१७७६’ मध्ये कोंबणारी पुस्तके आहेत. इटलीचे राज्य १८६१ चे, पण रोम हाती आले १८७० मध्ये. जर्मन साम्राज्याची घोषणा १८ जानेवारी १८७१ ची. या पाचांपैकी दोन चुकले तर पुस्तक परत ठेवावे. एखाद्या छपाईच्या चुकीवरून मात्र चांगले पुस्तक नाकारू नये, ती पेन्सिलीने दुरुस्त होते. शंका आली तर मराठी विश्वकोश पाहावा, तो इंटरनेटवर मोफत आहे आणि परदेशी नावांच्या लेखनालाही आधार देतो. फक्त त्याचे सुरुवातीचे खंड १९७० च्या दशकातले आहेत, तेव्हा १९९० चे जर्मन एकीकरण किंवा १९९१ चे सोव्हिएत विघटन त्यांत शोधू नये.

नकाशे नसलेले पुस्तक या विषयाला चालत नाही. सीमांची फेरआखणी हा अभ्यासक्रमातलाच शब्द आहे. १८१५, १८७१, १९१४, पहिल्या महायुद्धानंतरचा आणि १९४५ नंतरचा युरोप, आणि १८८० व १९१४ चा आफ्रिका शेजारी-शेजारी, एवढे सात नकाशे हवेत. पुण्याच्या पेठांतून आलेल्या नोट्सची झेरॉक्स काढून घेणाऱ्यांनी इथे जपावे. रंगीत नकाशाची काळी-पांढरी प्रत निघते तेव्हा लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात. आफ्रिकेत फ्रेंच कुठे संपतात आणि ब्रिटिश कुठे सुरू होतात, ते कळत नाही. अशा वेळी मूळ नकाशावरून साधा बाह्यरेखेचा नकाशा स्वतः काढून त्यात रेघांच्या वेगवेगळ्या खुणा कराव्यात. तीस मिनिटांचे काम आहे आणि हाताने काढलेला नकाशा डोक्यात राहतो.

बांधणीही पाहावी, आपल्याकडे विशेषच. उजळणी नेमकी जून ते ऑगस्टमध्ये होते. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या जाड पुस्तकाला आपल्या पावसाची हवा लागली आणि ते वारंवार उघडले, की मधली पाने सुटतात. पुस्तक बरोबर मध्यात उघडावे, शिवणीचा दोरा दिसला तर उत्तम. भिंतीला टेकवून ठेवू नये, ओल तिथूनच चढते.

एक गोष्ट कुठल्याच उजळणीच्या पुस्तकात मिळत नाही, ती आपल्या उंबऱ्याशी आहे. साम्राज्यवादाच्या प्रकरणात १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेबरोबर आफ्रिकेची वाटणी असते. त्याच १८८५ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. आफ्रिकेच्या नकाशासमोर समासात एवढी नोंद केली की साम्राज्यवाद फक्त आफ्रिकेपुरता नव्हता, हे उत्तरात उदाहरणासह मांडता येते. तसेच मॉरिशसचे. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले. तिथल्या मराठी भाषकांत अनेकांचे पूर्वज रत्नागिरी जिल्ह्यातले. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. २०१८ च्या प्रश्नाचा दुसरा भाग हाच होता, की या मजुरांनी आपली सांस्कृतिक ओळख राखली का. गाईडात फिजी-त्रिनिदादची नावे असतील, पण हे उदाहरण कोकणातल्या मुलाला जास्त भरवशाने लिहिता येईल.

पुस्तक घरी आल्यावर काय करायचे, ते थोडक्यात. पायाची पुस्तके पूर्ण वाचून झाल्याशिवाय उजळणीचे उघडू नये. पहिल्या वाचनात रंगीत पेनाने रेघा मारू नयेत. तेव्हा सगळेच महत्त्वाचे वाटते आणि पान पिवळे होऊन बसते. प्रत्येक विषयाला वहीचे एकच पान द्यावे आणि त्यावर कारणे, घटनाक्रम, परिणाम आणि भारताशी संबंध एवढेच लिहावे. मग पुस्तक मिटून घड्याळ लावावे : दहा गुणांच्या १५० शब्दांना सात मिनिटे, पंधरा गुणांच्या २५० शब्दांना अकरा. दहा-दहा प्रश्नांचे बरोबर १८० मिनिटे होतात. हात अडला तिथेच उजळणीचे पुस्तक उघडायचे. उजळणीला दुसरे पुस्तक घेऊ नये. दोन लेखक एकाच महायुद्धाची कारणे वेगळ्या क्रमाने मांडतात आणि परीक्षेत दोन्ही अर्धवट आठवतात.

आता मागणी. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. ग्रंथालयांची एवढी जुनी परंपरा असलेल्या या किनाऱ्यावर विद्यार्थ्याला पुस्तक न पाहता मागवावे लागू नये. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका ग्रंथालयाने जगाच्या इतिहासाच्या चालू उजळणी-पुस्तकांची प्रत्येकी एक प्रत घरी न देण्याच्या अटीवर टेबलावर ठेवावी. प्रतीच्या आत एक कागद चिकटवावा. त्यावर आवृत्तीचे साल, अभ्यासक्रमातले कोणते मुद्दे नाहीत आणि सापडलेल्या चुका पानांकासह लिहाव्यात. पुढे येणारा विद्यार्थी त्यात भर घालील. प्रकाशकांनी शब्दसूची द्यावी, आणि फक्त मुखपृष्ठ बदलून ‘नवी आवृत्ती’ छापू नये. आपल्या दैनिकाने निकालानंतरच्या आठवड्यात अशा नोंदींना अर्धा रकाना दिला, तर गुहागर-मालवणच्या मुलांपर्यंतही त्या पोचतील. पहिल्या नोंदी तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
इतिहास शिकवणारे आणि ग्रंथालयांत काम करणारे काही जण,
रत्नागिरी